काळी टाकी आणि पाण्याचा हिशेब : आमची वाटचाल

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात लोक ज्या फिरत्या घरांतून प्रवास करतात, त्या आरव्ही गाड्यांच्या पोटाखाली मैल्याच्या आणि सांडपाण्याच्या टाक्या असतात. त्या धुणे, तुंबलेल्या मोकळ्या करणे आणि त्यांचे व्हॉल्व्ह व सेन्सर दुरुस्त करणे हा आमचा व्यवसाय. पहिली दोन वर्षे आई लातूरला शेजारणींना ‘गाड्यांचे सर्व्हिसिंग करतो’ एवढेच सांगत असे. ते खोटे नव्हते, म्हणून मीही कधी दुरुस्ती सुचवली नाही.

पत्नीच्या नोकरीमुळे आम्ही फिनिक्सला आलो. मला कामाचा परवाना मिळेपर्यंत तीन वर्षे गेली आणि त्यानंतर मेसा येथील आरव्ही दुरुस्तीच्या एका कारखान्यात मदतनीस म्हणून नोकरी मिळाली. यंत्र अभियांत्रिकीची पदविका गाठीशी होती, त्यामुळे ब्रेक, एक्सल आणि गॅसच्या शेगड्या ही कामे आपल्याकडे येतील अशी माझी अपेक्षा होती. प्रत्यक्षात टाक्यांचे काम कोणालाच नको असल्यामुळे ते नव्या माणसाकडे सरकवण्याची तेथे रीत होती, आणि नवा माणूस मी होतो. पहिल्या आठवड्यात मी घरी येऊन दोनदा आंघोळ करीत असे. महिनाभरात नाकाला सवय झाली आणि मग डोके चालू लागले.

गाडीत तीन टाक्या असतात. एक स्वच्छ पाण्याची, दुसरी स्वयंपाकघर व न्हाणीच्या पाण्याची, जिला येथे ‘ग्रे’ म्हणजे करडी टाकी म्हणतात, आणि तिसरी संडासाची, म्हणजे ‘ब्लॅक’ किंवा काळी टाकी. मध्यम आकाराच्या गाडीत काळी टाकी साधारण ४० गॅलनची, म्हणजे दीडशे लिटरची असते. संडासाचे भांडे बहुतेक वेळा थेट तिच्या डोक्यावर बसवलेले असते. पायाखालचा खटका दाबला की भांड्याच्या तळाचे झाकण उघडते आणि मैला सरळ खाली पडतो. टाकीच्या तळाशी तीन इंची तोंड व त्यावर गेट व्हॉल्व्ह असतो. टाकी भरली की त्या तोंडाला पाइप जोडून डंप स्टेशनवर, म्हणजे टाक्या रिकाम्या करण्याच्या ठरलेल्या जागेवर, किंवा मुक्कामाच्या जागेवरील गटार-जोडणीत ती रिकामी करायची. रचना एवढी साधी असूनही ती तुंबते कशी, हा प्रश्न मला पहिले काही महिने सुटत नव्हता.

कारखान्यातील जुन्या मेकॅनिकचे मत होते की लोक नको त्या वस्तू टाकतात. तशा वस्तू निघतात, हे खरे आहे. ओले पुसणी-कागद निघतात, मुलांची खेळणी निघतात, आणि नव्या कोऱ्या गाड्यांच्या टाक्यांतून तर भोके पाडताना आत पडलेल्या प्लॅस्टिकच्या चकत्या व कीसही निघतो, जो गाडी बनवणाऱ्या कारखान्यातून ती बाहेर पडतानाच आत राहिलेला असतो. परंतु मी मोकळ्या केलेल्या बहुतेक टाक्यांत यांपैकी काहीच नव्हते. होता तो फक्त मैला आणि कागद, एकावर एक रचत गेलेला, भांड्याच्या बरोबर खाली सुळक्यासारखा उभा राहिलेला, आणि ॲरिझोनाच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात गोवरीसारखा कडक झालेला. टाकीत पाणीच नव्हते.

याचे मूळ एका सवयीत आहे आणि ती सवय सभ्य माणसांची आहे. गाडी मुक्कामाच्या जागी गटाराला जोडली की लोक काळ्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडाच ठेवतात. घरासारखे सगळे आपोआप वाहून जाईल, असे त्यांना वाटते. वाहून जाते ते फक्त द्रव. घट्ट भाग मागे राहतो, त्यावर कागद बसतो, कागद उरलेले पाणी शोषून घेतो आणि ढीग वाढत जातो. दुसरी तऱ्हा वाळवंटात मुक्काम करणाऱ्यांची. तेथे गाडीपाशी नळ नसतो, स्वच्छ पाण्याची टाकी जपून वापरायची असते, म्हणून संडासात चमचाभर पाणी सोडले जाते. पाणी वाचवल्याचे समाधान मिळते आणि त्याचे बिल चार महिन्यांनी आमच्यासारख्याच्या हातून येते.

मी लातूरचा. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, तेव्हा आमच्या घरी हंड्यांची रांग लागली होती आणि मी फिनिक्समध्ये बसून ते फोनवर पाहत होतो. पाणी कमी वापरणे हा आमच्या घरात संस्कार होता. अशा माणसाने वाळवंटात उभे राहून सत्तरीच्या गृहस्थांना ‘साहेब, पाणी जास्त ओता’ असे सांगायचे, ही गोष्ट सुरुवातीला माझ्याच गळ्याखाली उतरत नव्हती.

नोकरी सोडून स्वतःचे काम सुरू केले ते एका जुन्या व्हॅनमध्ये पाण्याची टाकी, उच्च दाबाचा पंप, दोनशे फूट होज आणि पाइपमधून आत सोडण्याचा छोटा कॅमेरा बसवून. टाकी दोन्ही बाजूंनी धुवावी लागते. वरून, संडासाच्या भांड्यातून, फिरते तोंड असलेला नोझल सोडून भिंती व टाकी किती भरली ते दाखवणारे सेन्सर धुवायचे, आणि खालून, तीन इंची तोंडातून, मागे फवारे मारणारा नोझल घालून गाळ ओढून काढायचा. दाब किती ठेवायचा, हेच या कामातील खरे कौशल्य आहे. टाक्या प्लॅस्टिकच्या असतात, सांधे कधी रबरी असतात तर कधी चिकटवलेले, आणि घाईत दाब वाढवला तर मळाबरोबर सांधाही निघून येतो. टाकीच्या तोंडाला लावलेल्या पाइपच्या कोपरानंतर पारदर्शक नळीचा तुकडा जोडून, त्यातून जाणारे पाणी स्वच्छ दिसेपर्यंत काम थांबवायचे नाही, असा आमचा नियम आहे. गिऱ्हाइकाला मी मुद्दाम ती नळी पाहायला बोलावतो. पुष्कळ जण येत नाहीत.

पहिल्या वर्षातील एक चूक सांगणे भाग आहे. एका गाडीच्या काळ्या टाकीत पाणी भरून ते मुरवत ठेवायचे होते. मी खालचा व्हॉल्व्ह बंद केला, गाडीच्या बाजूच्या धुण्याच्या जोडणीला होज लावला आणि फोन आला म्हणून दहा पावले दूर गेलो. फोन लातूरचा होता, म्हणजे लांबणारच. टाकी भरली, भांड्याचे झाकण घट्ट असल्यामुळे पाणी तेथून वर येऊ शकले नाही, आणि छतापर्यंत जाणाऱ्या हवेच्या नळीतून ते कारंज्यासारखे बाहेर पडले. गाडीची एक बाजू, खिडक्या आणि शेजाऱ्याची घडीची खुर्ची, सगळे मी स्वतः धुतले. खुर्ची नवी घेऊन दिली. तेव्हापासून आमच्या व्हॅनमध्ये स्वयंपाकघरातला टायमर लटकवलेला आहे आणि पाणी सुरू असताना माणूस नळापासून हलत नाही.

व्यवसायाचा कणा म्हणजे हिवाळा. फिनिक्सपासून पश्चिमेला सुमारे दोनशे किलोमीटरवर, आय-१० महामार्गालगत क्वार्टझाइट नावाचे छोटे गाव आहे. थंड राज्यांतून आणि कॅनडातून हजारो आरव्ही तेथे उतरतात. गावाच्या दक्षिणेला ला पोसा येथे केंद्र सरकारच्या जमिनीवर १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असा दीर्घ मुक्काम परवान्याने करता येतो. पाण्याचा नळ आणि डंप स्टेशन यांच्यापुढे सकाळी गाड्यांची रांग लागते. तेथे जमिनीवर मैला सांडणे हा गुन्हा आहे, आणि आमच्यासारख्यांनी टाकी उपसून मैला वाहून न्यायचा तर त्यासाठी वेगळा परवाना आणि वेगळी गाडी लागते. ते मिळवायला आम्हाला पुष्कळ कागद रंगवावे लागले. तोपर्यंत आम्ही फक्त गटार-जोडणी असलेल्या ठिकाणीच काम घेत होतो, आणि चांगली गिऱ्हाइके नाकारल्याचे दुःख पत्नीला माझ्यापेक्षा जास्त होत असे, कारण फोन ती घेत होती.

एका हिवाळ्यात आई आमच्याकडे आली होती. तिला घरी एकटी ठेवण्यापेक्षा मी क्वार्टझाइटला घेऊन गेलो. मिनेसोटाच्या एका आजोबांची टाकी त्या मोसमात दुसऱ्यांदा तुंबली होती. मी त्यांना पुन्हा पाणी वाढवा म्हणून सांगत होतो आणि ते पुन्हा म्हणत होते की शंभर गॅलन पाणी दोन आठवडे पुरवायचे आहे. आईने त्यांच्या न्हाणीत डोकावून पाहिले. गरम पाणी येईपर्यंत जे थंड पाणी वाया जाते ते आजोबा बादलीत धरत होते आणि झाडांना घालत होते. ‘झाडं कसली, बाभळीच आहेत,’ ती म्हणाली, ‘हे पाणी संडासात ओत म्हणावं. आपण टँकरच्या दिवसांत काय करत होतो?’ मी भाषांतर केले. आजोबांनी मान डोलावली. त्या मोसमात त्यांचा तिसरा फोन आला नाही आणि पुढच्या हिवाळ्यापासून आम्ही प्रत्येक वाळवंटी गिऱ्हाइकाला एक बादली देऊ लागलो. न्हाणीचे पाणी तसेही करड्या टाकीतच जाणार असते, त्याला काळ्या टाकीतून वळसा घालायला लावले एवढेच.

२०२० नंतर कामाचे स्वरूप बदलले. २०२१ मध्ये अमेरिकेतील कारखान्यांतून सहा लाख नव्या आरव्ही बाहेर पडल्या, आणि त्यांचे बरेच मालक पहिल्यांदाच असे वाहन घेत होते. त्यांचा ठरलेला प्रश्न सेन्सरचा असतो: टाकी रिकामी केली तरी दिवा ‘दोन तृतीयांश भरलेली’ दाखवतो. टाकीच्या भिंतीतून आत आलेल्या धातूच्या खुंट्यांवर कागद किंवा चिकट थर बसला की त्यांतून वीज वाहते आणि दिवा लागतो. फिनिक्सचे पाणी जड असल्याने क्षारांचा थर त्यात भर घालतो. धुतल्यावर बहुतेक सेन्सर खरे बोलू लागतात, काही बोलत नाहीत. त्यांना बाहेरून चिकटवण्याचे सेन्सर लावून देतो.

टाकीत बर्फाचे खडे टाकून गाडी चालवली की टाकी घासली जाते, हा समज मला दर आठवड्याला ऐकायला मिळतो. खडे तरंगतात आणि थर तळाला असतो. आम्ही एका मोडीत निघालेल्या टाकीला खिडकी कापून करून पाहिले, काही हलले नाही. टाकीत टाकायच्या औषधांबद्दल माझे मत असे की फॉर्मल्डिहाइड असलेली औषधे वास दाबतात आणि पुढे सेप्टिक टाकीतील जिवाणूंना मारतात, म्हणून आम्ही ती विकत नाही. जिवाणूंची औषधे बरी, पण त्यांनाही काम करायला पाणीच लागते. वासाची निम्मी तक्रार तर छतावरचा पंखा चालू ठेवून खटका दाबल्यामुळे असते, कारण पंखा टाकीतील हवा भांड्यातून वर ओढतो. तो बंद करायला सांगण्याचे आम्ही पैसे घेत नाही.

अलीकडे ग्रँड कॅन्यनसाठी आठवडाभर गाडी भाड्याने घेणारी मराठी कुटुंबेही फोन करतात. त्यांचा आवाज फार संकोचलेला असतो. त्यांना मी सांगतो की तुमची टाकी तुंबण्याची शक्यता सर्वांत कमी आहे, कारण तुम्ही कागद कमी आणि पाणी जास्त वापरता. फक्त ती लवकर भरेल, म्हणून डंप स्टेशनचा बेत आधी ठरवा. आधी काळी टाकी सोडा, मग करडी, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघेल. रिकामी झाल्यावर काळ्या टाकीत पंधरा लिटर पाणी घाला आणि व्हॉल्व्ह बंद करा. पिण्याच्या पाण्याचा होज या कामाला कधीही लावू नका. हातमोजे घाला.

आज आमच्याकडे दोन व्हॅन, परवान्याची एक उपसा-गाडी आणि आम्हा दोघांखेरीज तीन माणसे आहेत. उन्हाळ्यात काम थंडावते, तेव्हा नोझल उघडून साफ करतो, होज बदलतो आणि फ्लॅगस्टाफसारख्या उंच व थंड गावांतील गाड्यांचे व्हॉल्व्ह बसवून घेतो. सध्या ऑगस्ट चालू आहे. बादल्यांची नवी खेप गॅरेजमध्ये रचून ठेवली आहे. क्वार्टझाइटची पहिली फेरी पंधरा सप्टेंबरनंतरच्या आठवड्यात निघेल, आणि मिनेसोटाच्या आजोबांनी आईची चौकशी करून त्यांची नेहमीची जागा आधीच कळवली आहे.