काच धुरकट झाली की एसी लावा

आज दिवसभर पावसात ड्रायव्हिंग केलं आणि हे लिहावंसंच वाटलं. समोरची काच आतून धुरकट झाली की बरेच जण फडक्याने पुसत बसतात, तेही चालत्या गाडीत, नका ना करू असं. एसी लावा. थंडी वाजत असली तरी लावा, कारण एसी हवेतला ओलावा काढून घेतो, टेंपरेचर गरमकडे फिरवा, हवा काचेवर सोडा आणि रीसर्क्युलेशन (गाडीतलीच हवा पुन्हा फिरवणारं बटण) बंद ठेवा. काच खालून वर मोकळी होत जाते, बघायलाही छान वाटतं!

उतारावर पार्क करताना ब्रेक दाबून आधी हँडब्रेक ओढा, मग ऑटोमॅटिक गाडी पी (पार्क) मध्ये टाका, नाहीतर सगळं वजन गिअरबॉक्सवर येतं. तोंड उताराकडे असेल तर पुढची चाकं फुटपाथकडे वळवून ठेवा.

आणि प्लीज, बंद गॅरेजमध्ये एसीसाठी इंजिन चालू ठेवून बसू नका, कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो, कळतही नाही. मुलांना बंद गाडीत २ मिनिटंसुद्धा एकटं ठेवू नका, काच थोडी उघडी ठेवली तरी उन्हात गाडी भराभर तापते.