महिना सांगा, मग देश ठरवू

गोव्यात आता दोन विमानतळ आहेत, आणि तिकीट काढताना ते पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. दाबोळी वास्कोजवळ, मोपा पार उत्तरेला पेडणे तालुक्यात, जानेवारी 2023पासून सुरू झालेला. फोंड्याला जायचं तर दाबोळी बरा. मला न्यायला दादा आला होता, म्हणजे आतेभाऊ. पुढच्या मे महिन्यात त्याला सगळं घर घेऊन परदेशी जायचं आहे आणि मी येणार म्हटल्यावर त्याने प्रश्न साठवून ठेवले होते. मग बोरीच्या पुलापर्यंत विमानतळांवरच बोललो. बँकॉकला दोन, टोकियोला दोन. इस्तंबूलला तर एक युरोपात नि एक आशियात. एकावर उतरून दुसऱ्यावरून पुढचं विमान पकडायचं स्वस्त तिकीट कुणी गळ्यात मारायला आलं तर घेऊ नकोस, एवढं त्याला वायपरच्या खडखडाटात ओरडून सांगितलं.

श्रावणात गोवा हिरवागार असतो आणि निम्म्या घरांत मासळी बंद असते. आत्याकडे अळवाचं तोंडाक, खतखतं आणि ओसरीवर पावसाचा मारा. जेवणं झाल्यावर दादाने टूरवाल्याचं पत्रक पुढे केलं: युरोप, 10 दिवस, 6 देश. घरची मंडळी अशी: दादा शिक्षक, त्यामुळे मे महिन्याशिवाय सुटका नाही, वहिनीला फोटोंपेक्षा बाजारात जास्त रस, भाची कॉलेजात, आत्याचे गुडघे बोलतात, आणि आतोबांची एकच अट, कुठेही न्या, पण जेवण वेळेवर.

अशी पत्रकं वाचायची माझी रीत आहे. देशांची नावं हाताने झाकायची आणि फक्त दोन आकडे बघायचे: एका गादीवर सलग किती रात्री आणि दिवसातून किती तास बसमध्ये. या पत्रकात सलग दोन रात्रींच्या वर मुक्काम कुठेच नव्हता. ॲमस्टरडॅमच्या नावापुढे तर नुसतंच ‘ओरिएंटेशन’ लिहिलेलं. म्हणजे बसच्या खिडकीतून.

“मग कुठे जायचं ते तूच सांग,” दादा म्हणाला. ते सांगता येत नाही. आधी माणसं बघायची, मग महिना, देश सगळ्यात शेवटी. लोक उलट करतात. कुणाच्या तरी स्टेटसवर बर्फ दिसतो, देश ठरतो, आणि सुट्टी त्याच्यात कोंबली जाते.

माणसं समोरच होती आणि मे ठरलेला होता, तेव्हा दादाच्या वहीतली यादी त्याच चाळणीतून काढली. श्रीलंका: मे अखेरीला नैर्ऋत्य मोसमी पाऊस गॉलच्या बाजूला आधी पोचतो, त्यामुळे बाद, जायचंच तर तेव्हा त्रिंकोमालीचा पूर्व किनारा. व्हिएतनामचा ई-व्हिसा सोपा, 90 दिवसांपर्यंतचा, एकदाच प्रवेशाचा 25 डॉलरला मिळतो, फक्त अर्ज सरकारी संकेतस्थळावरच करायचा; सारख्याच नावाच्या खाजगी साइट दुप्पट-तिप्पट उकळतात. पण मे महिन्यात फोंड्याच्या उकाड्यातून उठून सायगॉनच्या उकाड्यात जायचं कशाला? तो देश हिवाळ्यासाठी ठेवा, फक्त तेत, म्हणजे त्यांचं नववर्ष, टाळून, कारण तेव्हा निम्मी दुकानं बंद आणि गाड्या भरलेल्या. जपानला एप्रिल अखेर ते मेचा पहिला आठवडा गोल्डन वीक. सगळा जपानच फिरायला निघतो. त्यानंतरची हवा मात्र झकास. भाचीला आठवड्याचा रेल्वे पास हवा होता. ऑक्टोबर 2023मध्ये तो 29,650 येनवरून 50,000 येनवर गेला, आणि नुसतं टोकियो-क्योटो जाऊन-येऊन तेवढे होत नाहीत. सुटी तिकिटं काढलेली बरी. जपान आतोबांनी बाद केलं. तिथे सोलकढी मिळत नाही, हे त्यांचं कारण.

उरले जॉर्जिया आणि पोर्तुगाल, आणि गंमत म्हणजे दोन्हींची बाजू मांडायला जुनं गोवं पुरलं.

सकाळी पणजीत पाव-भाजी खाल्ली (पातळ भाजी नि सुकी मिसळून, वर एक मिरची; मुंबईच्या पावभाजीशी हिचा काही संबंध नाही) आणि जुन्या गोव्याला गेलो. बॉम जीझस चर्चला रांग होती म्हणून समोरचा चढ चढून सेंट ऑगस्टिनच्या पडक्या मठाकडे वळलो. 46 मीटर उंचीचा एकच मनोरा उरलाय, जांभा पावसाने काळा झालेला. त्याची घंटा आज पणजीच्या चर्चमध्ये आहे. तर 1624 साली शाह अब्बासच्या हुकमावरून शिराझमध्ये जॉर्जियाची राणी केतेवान हिला हाल करून मारलं. ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिचे काही अवशेष गोव्यात आणून या मठात ठेवले. पुढे मठ कोसळला, जागा विसरली गेली. पुरातत्त्व खात्याने उत्खनन केलं, हाडं सापडली, हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत डीएनए तपासला गेला, आणि 2021मध्ये परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी ते अवशेष तिबिलिसीत जॉर्जियाच्या हवाली केले.

“म्हणजे शेजारधर्म झाला. जॉर्जियालाच जाऊ,” दादा खूश. मलाही तो देश आवडतो. ई-व्हिसा मिळतो, चीज भरलेली खाचापुरी नि राजम्याचं लोबिओ असल्याने शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, मे-जूनमध्ये कॉकेशस हिरवा असतो. पण तिबिलिसीहून डोंगरातलं काझबेगी म्हणजे दीडशे किलोमीटर आणि त्यातला बराचसा घाट. आत्याला चोर्ला घाटात मळमळतं. जोडप्याने जावं असा देश, आत्याला घेऊन नव्हे. दादा जरा हिरमुसला.

संध्याकाळी शेजारच्या काकू आल्या. त्यांचा मुलगा लिस्बनला असतो. 19 डिसेंबर 1961च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व नोंदवता येतं, त्यातून गोव्याची पुष्कळ घरं अशी दोन देशांत वाटली गेली आहेत. भारताला दुहेरी नागरिकत्व चालत नाही, त्यामुळे इकडचा पासपोर्ट परत करावा लागतो. त्यावर घराघरांतून होणारे वाद हा वेगळा विषय. काकू मुलाकडे महिनाभर राहून आलेल्या. मी पुस्तकी सांगत होते ते त्यांनी अनुभवाने खोडलं किंवा पक्कं केलं.

“पळे गो, लिस्बन म्हणजे सकाळी आल्तिनो चढायचं, दुपारी आल्तिनो चढायचं आणि रात्री जेवून परत आल्तिनोच,” काकू म्हणाल्या. पणजीची ती टेकडी माहीत असलेल्या आत्याने गुडघ्यावर हात ठेवला. शिवाय फुटपाथांना बारीक गुळगुळीत दगड, पावसात घसरतात. पण काकूंचा तोडगाही तयार होता: हॉटेल बायशाच्या सपाट भागात, मेट्रोजवळ घ्यायचं, नवे बूट घरीच महिनाभर वापरून मऊ करायचे, आणि 28 नंबरची ट्राम सकाळी लवकर, पहिल्या थांब्यावरूनच पकडायची, नाहीतर उभ्याने जावं लागतं. लिस्बनमध्येच बेलेंला जेरोनिमुस मठ. वास्को द गामाची समाधी तिथे आहे. जुन्या गोव्यातल्या ज्या कमानीवर त्याचा पुतळा आहे ती 1597 साली त्याच्या पणतूने, इथला व्हाइसरॉय असताना, उभारली होती. आतोबा म्हणाले, “मग बघायलाच हवं. आमच्या शाळेत त्याची सनावळी पाठ करायला लावली होती.”

माझी भर एवढीच: दोनच मुक्काम, लिस्बन आणि पोर्तो, मध्ये तीनेक तासांची रेल्वे. सिंत्रा लिस्बनहून दिवसात होतं. 13 मेच्या आसपास फातिमाच्या वाटेला जाऊ नका. यात्रा असते, रस्ते आणि खोल्या दोन्ही भरतात. 2024च्या अखेरीस सेंट झेवियरच्या शवप्रदर्शनाच्या वेळी जुन्या गोव्यात काय झालं ते यांना वेगळं सांगायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी दिवाडी बेटावर. त्याच कमानीखालून जाऊन फेरीबोट, पलीकडे भातशेतं, मग बेट ओलांडून दुसऱ्या फेरीने नार्वे. सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ दिवाडीला होतं. पोर्तुगीजांनी पाडल्यावर देव इकडे आणला आणि 1668 साली शिवाजी महाराजांनी जीर्णोद्धार केला. देऊळ लहानसं, दीपमाळेसकट पाहण्यासारखं. महाराष्ट्रातून येणारे किनाऱ्यावरच अडकतात, म्हणून मुद्दाम लिहिते.

फेरीत वहिनीने व्हिसाचं काढलं. तिच्या मैत्रिणीने सांगितलं होतं, ज्या देशाची अपॉइंटमेंट आधी मिळेल त्याच्याकडे अर्ज टाकायचा, शेंगेनच ना सगळं, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा. अजिबात नको. नियम साफ आहे: सगळ्यात जास्त रात्री जिथे, तिथे अर्ज, रात्री सारख्या असतील तर जिथे पहिल्यांदा उतरणार तिथे. माद्रिदला दोन रात्री जोडल्या तरी अर्ज पोर्तुगालचाच. भलत्या देशाच्या व्हिसावर गेलात तर विमानतळावर प्रश्न होतात आणि पुढच्या अर्जालाही डाग लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, म्हणजे मे महिन्यासाठी नोव्हेंबर. मार्चपर्यंत थांबलात तर सगळा भारत तुमच्यापुढे रांगेत. मोठ्यांना 90 युरो फी, नाकारला तरी परत नाही, वर केंद्राचं सेवाशुल्क. विमा किमान 30,000 युरोंचा. व्हिसा हातात येईपर्यंत हॉटेलं रद्द करता येतील अशीच घ्यायची. पूर्वी दिलेले बोटांचे ठसे 59 महिने चालतात, पण इथे सगळेच नवखे.

पैशांचं फार बोललो नाही. परदेशात कार्ड ओढताना मशीन विचारतं, रुपये की युरो, नेहमी युरो. रुपये म्हटलं की दर त्यांचा. टूर कंपनीने टीसीएस, म्हणजे बिलातच वसूल होणारा आगाऊ आयकर, घेतला तर तो आयकर विवरणात वळता करून घ्यायचा, बुडीत खाती टाकायचा नाही.

रात्री पासपोर्ट काढले आणि खरी गोष्ट कळली. पोर्तुगालहून निघाल्यानंतर निदान तीन महिने पासपोर्ट चालू असावा लागतो. आत्याचा पुढच्या जुलैत संपतोय. आतोबांकडे तर पासपोर्टच नाही. जन्मदाखला पोर्तुगीज भाषेत, त्यात ‘नाईक’ ‘क्यू’ घालून लिहिलेलं, आणि आधार कार्डावर ‘के’. “मी जन्माने त्यांचाच, मला कसला व्हिसा?” ते म्हणाले. दादाने डोक्याला हात लावला आणि पणजीच्या पासपोर्ट कार्यालयाची साइट उघडली. चवथीआधी वेळ मिळते का बघायचं होतं.

तेवढ्यात काकू पुन्हा आल्या, मुलासाठी काय काय द्यायचं याची यादी घेऊन. खव्याचे पेढे नाही, मी म्हटलं, युरोपात दूध-मांसाचं काही नेता येत नाही. दोदोल चालेल, तो नारळाच्या दुधाचा.

“आणि सुकी सुंगटां?”

मासळीला ठरावीक वजनापर्यंत मोकळीक आहे. आत्याने डोळे वटारले: श्रावणात ओसरीवर हा विषय नको, सोमवार आहे. काकूंनी यादीत सुंगटां लिहूनच टाकली.