मंग पुढं?

दिवाळीच्या मागंपुढं आमच्या बीड जिल्ह्यातल्या धारूरकडच्या घरात ओट्यावर माणसाला टेकायला जागा नसते, सगळीकडं सीताफळं. डोळे उघडलेली एका टोपलीत, अजून घट्ट असलेली दुसरीत. डोळ्यांमधल्या फटी पिवळसर पांढऱ्या दिसल्या की फळ तोडायला आलं, हे आईला झाडापासून दहा पावलांवरून कळतं. मला चष्मा लावूनही कळत नाही, त्यामुळं माझ्याकडं टोपल्या उचलायचं काम.

यंदा पुण्याहून भाचा आला होता. निवडायला मदत करतो म्हणाला आणि मदत म्हणून स्पीकर घेऊन बसला. गाणं सुरू झालं तसं माझ्या हातातलं फळ हातातच राहिलं. अरे, हे तर आमच्या औरंगाबादच्या हॉस्टेलमधलं! ‘पीचेस’. अमेरिकेतल्या सिएटलच्या तिघा जणांचं, १९९६ सालचं. बँडचं नाव ‘द प्रेसिडेंट्स ऑफ द युनायटेड स्टेट्स ऑफ अमेरिका’.

“राष्ट्राध्यक्ष गायलेत व्हय?” शेजारच्या तात्यांनी विचारलं. त्यांची समजूत घालण्यात एक अख्खी टोपली निवडून झाली.

“काय म्हणायलाय त्यो?” आईनं विचारलं.

“गावाकडं राहायला जाणार आणि लई पीच खाणार म्हणतोय,” भाचा म्हणाला.

“मंग पुढं?”

“पीच डब्यात येतात. कारखान्यातला माणूस ते डब्यात भरतो.”

“आन् मंग?”

“मंग काही नाही, आज्जी. परत पीच.”

आईनं एक फळ अंगठ्यानं दाबून पाहिलं. “बरंय की,” म्हणाली.

या निकालाला आईला पाच सेकंद लागली. बाकीच्यांना बराच वेळ लागला होता. सिएटल म्हणजे तेव्हा ग्रंज नावाच्या रॉक संगीताचं माहेर. गिटारी गुरगुरायच्या, गाणारा स्वतःच्या दुःखाशी झटापट करायचा. १९९४ मध्ये ‘निर्वाना’ बँडचा गायक कर्ट कोबेननं जीव दिल्यावर तर त्या गावाला सुतकच लागलं. आणि सुतकाच्या घरात शेजारच्यानं फळांवर गाणं म्हणावं तसे हे तिघं आले. व्हिडिओत तर बागेत गात असताना यांच्यावर निन्जा तुटून पडतात आणि हे त्यांच्याशी मारामारी करतात. का? विचारू नये.

लोकांनी गाणं उचललं. ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ते ८व्या क्रमांकावर गेलं, अमेरिकेत २९व्या, ग्रॅमीचं नामांकनही मिळालं. काहींनी नाक मुरडलं, हा काय पोरखेळ म्हणून. आणि काहींनी अर्थ शोधायला घेतला. पीच म्हणजे नुसतं पीच कसं असेल? हॉस्टेलात आमचा एक मित्र त्याचा चावट अर्थ रात्री अकरानंतरच सांगायचा, दार लावून.

आपल्याला ही खोड जुनी आहे, आणि ती पैठणहून आलेली आहे असा माझा संशय. नाथांच्या भारुडात विंचू चावतो, माणूस नाचतो, लोक पोट धरून हसतात, आणि मग कळतं की तो विंचू म्हणजे काम-क्रोध. हसलेल्याची अशी वसुली होते. लहानपणी आमच्या गावात भारूड लागलं की मी हसतानाही जरा सावध असायचो. या गाण्यात वसुली करायला कुणी येतच नाही. शेवटपर्यंत वाट पाहावी तर शेवटीही पीचच.

तात्यांचं लक्ष मात्र दुसरीकडं होतं. ते गोंधळात तुणतुणं वाजवतात. वाद्यं कसली आहेत, त्यांनी विचारलं. या बँडच्या एका गिटारीला दोनच तारा आणि दुसरीला तीन, हे भाच्यानं फोनवर दाखवलं. तात्यांनी स्क्रीन डोळ्यांजवळ धरून तारा मोजल्या. एका तारेवर रात्र काढणारा माणूस तो.

“दोन कामून लागल्या?” म्हणाले.

ज्यांनी पोरखेळ म्हणून हिणवलं त्यांना त्या गायकानं, ख्रिस बॅल्यूनं, पुढं झकास उत्तर दिलं. कॅस्पर बेबीपँट्स असं नाव घेऊन तो खरोखरच लहान पोरांसाठी गाणी करायला लागला आणि त्याचे कितीतरी अल्बम काढले. मला हे फार आवडलं. नाहीतर आपल्याकडं विनोदी नट चाळिशी ओलांडली की गंभीर भूमिका मागायला लागतो.

डब्याचं मात्र सीताफळाला जमत नाही. पीच पाकात घालून, तापवून बंद करता येतात. सीताफळाचा गर तापवला की कडू होतो, म्हणून तो गोठवूनच शहरात आइस्क्रीमवाल्यांकडं जातो. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी पिकलेलं फळ काही दोन दिवसांच्या वर थांबत नाही. त्यामुळं आमच्याकडं दिवाळीत जो येईल त्याला खावंच लागतं. पाहुणा नको म्हणाला तर आई दुखावत नाही, दुसरं फोडून पुढं ठेवते.

संध्याकाळी ताईचा फोन आला. पोरगं काय करतंय, अभ्यासाचं काही बोललं का, नोकरीचं काय ठरलं, सगळं एका दमात. आईनं फोन कानाला लावून ओट्याकडं पाहिलं. भाचा भिंतीला टेकून, मांडीवर ताटली घेऊन बसला होता, ताटलीत काळ्या बियांचा ढीग.

“गावाकडं आलाय,” आई म्हणाली. “सीताफळं खायलाय.”

तिकडून ताईनं काहीतरी विचारलं.

“मंग काय नाही. परत खायलाय.”