ओनेचे हत्ती

चार दिवस पश्चिम फ्रान्समध्ये फिरलो. ला रोशेलचं बंदर छान, पाऊस वाईट, हॉटेलातली गादी त्याहून वाईट. बाकी लिहायला बसले ते ओनेच्या हत्तींसाठी.

लिहिताना या नावात दोन-चार अक्षरं जास्तीची असतात, म्हणायचं मात्र नुसतं ‘ओने’. गाडी नसेल तर जाऊ नका. आमच्याकडे भाड्याची होती, तरी पोचेपर्यंत बारा वाजून गेले आणि गावातली एकुलती एक उघडी बेकरी डोळ्यांदेखत बंद झाली. मावशी म्हणाली, “चल, दशम्या आहेत.” चर्च गावाच्या जरा बाहेर, भोवती जुनं कब्रस्तान आणि सुरूसारखी उंच झाडं. तिथे बसून खाणं बरं दिसेल का, हा माझा प्रश्न. मावशीने तोवर डबा उघडलाही होता.

सँ पिएरचं, म्हणजे संत पीटरचं, हे चर्च बाराव्या शतकातलं, जाड भिंती आणि भरभक्कम कमानींच्या रोमनेस्क शैलीचं. स्पेनमधल्या सांतियागो या तीर्थाला जाणाऱ्या यात्रेकरूंच्या वाटेवरचं म्हणून 1998 पासून जागतिक वारसा यादीत आहे. दक्षिणेच्या दारावर कमानीच्या आत कमान, अशा चार ओळी. दारावर मधली सपाट शिळा नाहीच, सगळं कोरीवकाम कमानीच्या दगडांवर. एका दगडावर एक आकृती. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, ‘प्रकटीकरणा’त, मुकुट घातलेले चोवीस वडीलधारे आहेत, इथे मोजले तर एकतीस. कमानीला दगड जितके लागले तितके वडीलधारे बसवले असावेत, असं आपलं माझं मत. सर्वांत बाहेरच्या ओळीत नुसते चित्रविचित्र प्राणी, त्यात एक गाढव चक्क वाद्य वाजवतंय. गाढवापुढे गीता वाचणारे आपण ऐकून आहोत, इथे मैफल गाढवाचीच.

आत गेलो आणि काही दिसेना. छत म्हणजे दगडाचा लांबलचक, किंचित टोकदार बोगदा. त्याचा भार भिंतींना सतत बाहेर रेटतो, म्हणून भिंती जाड. दोन्ही अंगांची दालनं जवळजवळ मधल्या दालनाइतकीच उंच, ती रेटा पेलतात. पण त्यामुळे वर खिडक्यांना जागाच उरत नाही. उजेड येतो तो बाजूंनी, गाळून गाळून. बाहेरच्या उन्हातून आलेल्या डोळ्यांना पाच मिनिटं तरी द्यावीत. मी दिली नाहीत, पायरीला ठेचकाळले.

हत्ती दक्षिणेकडच्या दालनात, खांबाच्या माथ्यावर. मान मोडेस्तोवर वर बघितलं. सोंडा आहेत, धिप्पाड अंगं आहेत. मावशी वेरूळला पंचवीसेकदा तरी गेली असेल. कैलासाचं ओझं पाठीवर पेलणारे हत्ती तिच्या डोळ्यांत पक्के बसलेले. तिने निकाल दिला, “सोंड बरोबर. बाकी अंदाजपंचे दाहोदरसे.”

आणि वरच्या पट्टीवर लॅटिनमध्ये कोरलंय: ‘ही सुंत एलेफांतेस’. हे हत्ती आहेत.

मला हसू आलं आणि मग एकदम गलबलून आलं. त्या कारागिराने बहुधा हत्ती कधी पाहिलाच नसणार. फ्रँकांचा सम्राट शार्लमेन याला बगदादच्या खलिफाने पाठवलेला हत्ती 802 साली आखेनला, त्याच्या राजधानीत, पोचला, 810 मध्ये मेला. त्याला तीनशेहून जास्त वर्षं लोटलेली. याने कुठलं तरी चित्र किंवा कापडावरची नक्षी बघून छिन्नी धरली असेल. मग बालवाडीतली पोरं चित्राखाली ‘आंबा’ लिहितात तसं लिहून टाकलं, उगाच कुणी डुक्कर म्हणायला नको. अक्षर न ओळखणाऱ्या शेतकऱ्याला त्याचा काय उपयोग, ते तोच जाणे.

तेवढ्यात एक टोळकं आत आलं, मोठ्याने बोलत, फ्लॅश मारत, आणि आमच्या खांबाखालीच ठाण मांडून बसलं. मी धुसफुसत बाहेर आले. मावशी आतच राहिली, तब्बल अर्धा तास. आली ती फोटो घेऊनच. अंधारात हललेला, करडा, सोंडसुद्धा धड दिसत नव्हती. तोच तिने घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘हे हत्ती आहेत.’