तारखेपासून सुरू झालेलं फ्रेंच

आमच्या वेळी आठवीत संस्कृत की फ्रेंच, असा पर्याय असायचा. सुवर्णमहोत्सवी अंकासाठी लिहायचं ठरलं तेव्हा मला सगळ्यात आधी फ्रेंचच्या बाई आठवल्या. बारा महिन्यांची यादी त्यांनी कधीच घोकून घेतली नाही. रोज एकाने उठायचं, फळ्यावर त्या दिवसाची तारीख लिहायची आणि खणखणीत आवाजात वाचायची, हा नेम. शाळा जूनमध्ये भरायची, म्हणून आमचं फ्रेंच वर्ष 'ज्युअँ'पासून सुरू झालं. मग 'ज्युइये', मग 'ऊत'. 'जांव्हिए'ची गाठ थेट स्नेहसंमेलन उरकल्यावर पडली.

लिहिण्याच्या बाबतीत बाई कडक होत्या. फ्रेंचमध्ये वार आणि महिना छोट्या अक्षराने सुरू होतात. इंग्रजीच्या सवयीने कुणी मोठं अक्षर काढलं, की बाई काही न बोलता लाल खडूने त्याभोवती गोल करायच्या. एक तारखेला 'प्रम्ये', म्हणजे पहिली. दोनपासून पुढे साधे आकडे. तारखेआधी 'ल' हवाच. एरवी हा 'ल' पुढच्या स्वराला चिकटतो, पण आठ आणि अकराला चिकटत नाही. 'ल उइत', 'ल ओंझ'. मधली फट ऐकू यावी म्हणून बाई तिथे टेबलावर पट्टीचा ठोका द्यायच्या. हे अपवाद पक्के बसावेत म्हणून त्यांनी दोन तारखाही दिल्या होत्या: ११ नोव्हेंबर १९१८, पहिलं महायुद्ध थांबलं तो दिवस, आणि ८ मे १९४५, युरोपातलं दुसरं महायुद्ध संपलं तो. फ्रान्समध्ये दोन्ही दिवशी सुटी असते. माझ्या डोक्यात व्याकरण आणि इतिहास असे एकदमच शिरले.

१५ ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर बाईंनी सांगितलं, की आज फ्रान्सही बंद असतं, मेरीच्या स्वर्गारोहणाचा सण म्हणून. आणि दुसऱ्या दिवशीची तारीख फळ्यावर आली तेव्हा पुदुच्चेरी निघालं. १ नोव्हेंबर १९५४ला तिथला कारभार भारताकडे आला, पण कायदेशीर हस्तांतर झालं १६ ऑगस्ट १९६२ला.

सगळ्यात रंगला तो क्रांतीच्या दिनदर्शिकेचा तास. १७९३मध्ये क्रांतिकारकांनी जुने महिनेच मोडीत काढले. प्रत्येक महिना तीस दिवसांचा, आठवडा दहा दिवसांचा, वर्षाअखेर उरलेले पाच-सहा दिवस वेगळे. नावं ऋतूंवरून: 'व्हांदेमियेर' द्राक्षतोडणीचा, 'ब्र्युमेर' धुक्याचा, 'प्ल्युव्हिओज' पावसाचा. हा पावसाचा महिना जानेवारीच्या २०-२१ तारखेला लागतो म्हटल्यावर वर्गात गलका झाला. ऐन थंडीत पाऊस? बाईंनी तडक भूगोलाच्या खोलीतून युरोपचा नकाशा मागवला आणि अटलांटिकवरून येणारे वारे दाखवले. नेपोलियनने १ जानेवारी १८०६पासून ती दिनदर्शिका बंद केली. आमच्यातल्या काहींना याचं मनापासून वाईट वाटलं होतं. चैत्र-वैशाखात वाढलेल्या मुलांना ऋतूंचे महिने जवळचे वाटले, यात नवल नाही.

आता माझ्या मुलीला फ्रेंच आहे. मोबाइलवर तिचे बारा महिने चित्रांसकट येतात आणि तिला ते पाठही आहेत. तरी मी रोज जेवताना तिच्याकडून त्या दिवसाची तारीख वदवून घेतो. तिचा वाढदिवस ११ला असतो, त्यामुळे 'ल ओंझ' तिला पहिल्या आठवड्यातच आलं.