दुसरी चाल पांढरी तीनला परतली

लातुरात गंजगोलाईजवळ एका माडीवर माझा पाश्चात्त्य संगीताचा क्लास आहे. लग्नसराईत मी बँडवाल्यांना पार्टही, म्हणजे प्रत्येक वाद्याची वेगळी स्वरलिपी, लिहून देतो. लोकांना वाटतं, बँडमध्ये सगळ्यांसमोर एकच कागद असतो. तसं नसतं. बी-फ्लॅटचं क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट लिहिल्यापेक्षा एक पूर्ण स्वर खाली वाजतं. पेटीवरच्या पांढऱ्या आणि काळ्या पट्ट्या आपण क्रमाने मोजतो आणि गाण्याचा सा जिथे, ती त्याची पट्टी. त्यामुळे पांढरी एकचं गाणं त्यांना पांढरी दोनमध्ये लिहून द्यावं लागतं आणि आल्टो सॅक्सोफोनला पांढरी सहामध्ये. एवढं गणित रोज करणाऱ्या माणसाकडून पुढे सांगतो ती चूक झाली, म्हणून ती अजून डोक्यातून जात नाही.

माझी एक विद्यार्थिनी उदगीरहून दर रविवारी एसटीने येते. डिप्लोमाच्या प्रबंधासाठी तिने रशियन संगीतकार स्ट्राव्हिन्स्कीची ‘ऑक्टेट’ ही रचना घेतली होती. १९२३ च्या ऑक्टोबरमध्ये पॅरिसला तिचा पहिला प्रयोग झाला तेव्हा तो स्वतः संचालन करत होता. आठ वादक, आठही फुंकवाद्यांचे: एक बासरी, एक क्लॅरिनेट, दोन बासून, दोन ट्रम्पेट, दोन ट्रॉम्बोन. व्हायोलिन एकही नाही. आराखडा अठराव्या शतकातला, हायडन-मोझार्टच्या घरातला. आत भरलेली स्वरसंगती मात्र विसाव्या शतकातली. नवअभिजात म्हणतात ते हेच.

त्या जुन्या आराखड्याचा नियम सोपा आहे. पहिली चाल घरच्या पट्टीत, दुसरी तिच्या पंचमाच्या पट्टीत. मधे दोन्ही चालींची मोडतोड होते, तो विकासाचा भाग. शेवटी दोन्ही चाली घरच्या पट्टीत परततात, त्या भागाला आम्ही ‘परत’ म्हणतो. पहिली चाल काळी दोनची असेल, तर दुसरी काळी पाचला जाणार. या दोन पट्ट्यांच्या मेजर, म्हणजे सगळे शुद्ध स्वर असलेल्या, सप्तकांत सातपैकी सहा स्वर सामाईक असतात, म्हणून वाट सुखाची होते.

‘ऑक्टेट’च्या पहिल्या भागात पहिली चाल काळी दोनला आहे, पण दुसरी पांढरी दोनला. पंचम सोडून घराच्या अर्धा स्वर खाली. पेटीवर या दोन सप्तकांतले सामाईक स्वर शोधून पाहा, दोनच सापडतात: पांढरी दोन आणि पांढरी पाच. बाकी पाचही स्वर हाताखालून निसटतात. स्ट्राव्हिन्स्की शुद्ध सप्तकाला चिकटून राहत नाही, बाहेरचे स्वर सतत आत घेतो. म्हणून घर कोणतं हे निव्वळ कागदावर ठरवता येत नाही. हे मी दरवर्षी मुलांना सांगतो.

तिने प्रबंधात लिहिलं होतं: ‘परतीत दुसरी चाल आधी येते, तीही पांढरी तीनमध्ये; पहिली चाल नंतर, काळी दोनमध्ये.’ मी त्यावर लाल पेनाने रेघ मारली आणि समासात लिहिलं, ‘‘परत’ हा भाग पहिल्या चालीपासून सुरू होतो. हा भाग विकासातच धरावा.’ स्कोअर, म्हणजे आठही वाद्यांची एकत्र स्वरलिपी, समोर उघडा होता, पण मी वाचत होतो आराखडा. तिने दुरुस्ती केली आणि शुक्रवारी प्रबंध पाठवून दिला.

शनिवारी दुपारी एका बँडचे मास्तर पार्ट न्यायला आले. साठीचे आहेत, क्लॅरिनेट वाजवतात. स्टाफ नोटेशन वाचत नाहीत. त्यांचा पुतण्या वाचतो आणि ते एकदा ऐकून उचलतात. मी झेरॉक्सला पोरगा पाठवला होता, तोवर ‘ऑक्टेट’चं रेकॉर्डिंग चालू होतं. मास्तर आधी नुसते बसून होते. दुसरी चाल पहिल्यांदा आली तेव्हा त्यांनी मान हलवली. काही मिनिटांनी ती परत आली तसे उठून पेटीपाशी गेले, भाता ओढला आणि एकच पट्टी दाबून धरली.

“सर, ही चाल मघा पांढरी दोनला होती की. आता पांढरी तीनला वाजायली.”

मी म्हणालो, “मास्तर, तो मधला भाग आहे. चाल फिरवत फिरवत नेतात.”

“फिरवायला कुठं लागले? अख्खी चाल आली की हो. हे फिरवणं न्हाई, परत येणं हाय. फकस्त घर चुकलंय.” आणि जरा थांबून, पहिली चाल सुरू झाल्यावर, बोट अर्धा स्वर खाली आणून म्हणाले, “हे बघा, आलं घर.”

त्यांचं बोट काळी दोनवर होतं.

मास्तर गेल्यावर मी स्कोअर घेऊन बसलो. पांढरी दोन घराच्या अर्धा स्वर खाली, पांढरी तीन अर्धा स्वर वर. दोन्हींच्या बरोबर मधे काळी दोन. पांढरी तीन आणि काळी दोन यांच्या सप्तकांतही सामाईक स्वर दोनच, काळी दोन आणि काळी चार. जाताना दोन पांढऱ्या, येताना दोन काळ्या. मोझार्टकडे सा-प च्या नात्याने जो तोल साधतो, तो इथे घराला दोन्ही बाजूंनी सारखंच टेकून साधला आहे. चालींचा क्रम उलटला नसता, तर पहिली चाल घरी येऊन बसल्यावर दुसरी पुन्हा घराबाहेर गेली असती. हे सगळं त्या मुलीच्या एका वाक्यात होतं.

आपल्याकडे संगीताच्या लेखी परीक्षा कानाला फार कमी विचारतात. आराखडा पाठ असला की गुण मिळतात आणि तोच आराखडा पाठ करून मीही शिक्षक झालो. बँडवाल्यांना ‘त्यांना काय कळतं’ म्हणणारे माझे व्यवसायबंधू याच शहरात आहेत. त्यांच्यापैकी किती जणांना स्कोअर मिटून ही पांढरी तीन ओळखता येईल, याची मला शंका आहे.

संध्याकाळी मी तिला फोन केला. चूक माझी होती असं सांगितलं. सुधारित पान स्वीकारावं म्हणून परीक्षा मंडळाला मेल केल्याचंही सांगितलं. त्या मेलला अजून उत्तर नाही. ती म्हणाली, “सर, मला तसंच ऐकू आलं होतं. तुम्ही रेघ मारल्यावर मी पाच-सहा वेळा परत ऐकलं. मग मला तुम्ही लिहिलं तसंच ऐकू यायला लागलं.”

यावर मला काही बोलता आलं नाही. तिनेच पुढे विचारलं, “मग सर, परत नक्की कुठं सुरू होते धरायचं? चाल आली तिथं, का पट्टी आली तिथं?”

मास्तरांच्या कानाला ती चालीपाशीच सुरू झाली होती. मला ख्यालातला मुखडा आठवतो. मुखडा पकडला की ऐकणारा समेकडे, तालाच्या पहिल्या मात्रेकडे, निघालेला असतो, सम मात्र अजून यायची असते. पांढरी तीनची चाल तो मुखडा आणि काळी दोन ही सम, असं मांडता येईल का? पण मुखडा कधी परक्या पट्टीतून उचलत नाहीत, तिथे ही तुलना तुटते. तिला म्हणालो, रविवारी ये, स्कोअर मिटून आधी तीनदा ऐकू. मास्तरांनाही बोलावलं आहे. त्या दिवशी त्यांची औशाला सुपारी आहे, पण वरात संध्याकाळची, दुपारी येतो म्हणालेत.