'म्हणून काय?' : नववीच्या वर्गात युक्तिवाद शिकवताना

वक्तृत्व स्पर्धेची तयारी करून घेणं वेगळं आणि युक्तिवाद शिकवणं वेगळं. "अध्यक्ष महाराज, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो"ने सुरू होणाऱ्या भाषणात चढता आवाज असतो, हातवारे असतात, मध्येच एखादी चारोळी असते. कारण तेवढं नसतं. त्यामुळे परळच्या मराठी शाळेत नववीला हा भाग घेताना पहिले दोन तास मी कुणालाही उभं राहून बोलू देत नाही. काम बाकावर बसून, चौघांत एक कागद घेऊन. साठच्या वर्गात पंधरा गट होतात. विषम रांगेतल्या मुलांनी मागे वळून बसायचं, बाक हलवायचे नाहीत. बाक हलवले की ३५ मिनिटांतली सात त्यातच जातात.

विषय निवडताना 'मोबाइल : शाप की वरदान' बाद. त्याचं 'वापरणाऱ्यावर अवलंबून आहे' हे उत्तर निबंधाच्या पुस्तकातून कधीचंच पाठ झालेलं असतं. विषय असा हवा की त्यावर कुणालातरी खरोखर निर्णय घ्यावा लागेल, आणि आधार शोधायला मुलांना फार लांब जावं लागणार नाही. माझा ठरलेला विषय : 'बेस्टचं किमान भाडं पुन्हा ५ रुपये करावं.' साध्या बसचं किमान भाडं जुलै २०१९मध्ये ८चं ५ झालं आणि मे २०२५मध्ये ५चं १०. पोरांच्या खिशात तिकीट असतं, घरी त्यावर बोलणं झालेलं असतं, आणि दोन्ही बाजूंना सांगण्यासारखं आहे.

स्टीफन टूलमिन या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९५८मध्ये युक्तिवादाचे सहा भाग मांडले. शाळेत सहा झेपत नाहीत. मी चार घेते : दावा, आधार, दुवा, अपवाद. ही नावंही लगेच सांगत नाही. आधी फळ्यावर नुसते तीन प्रश्न : कशावरून? म्हणून काय? कधी नाही?

'कशावरून' सोपा जातो. गाडी अडते ती 'म्हणून काय'वर. नेहमी येणारं वाक्य घ्या : "भाडं कमी करावं, कारण गरीब लोक बसने जातात." कशावरून? थांब्यावर पाहिलं. ठीक. म्हणून काय? "म्हणून भाडं कमी करायला हवं ना!" हा दावाच फिरून आला. आधारापासून दाव्यापर्यंत नेणारा दुवा मुलांच्या मनात इतका गृहीत असतो, की तो लिहायचा असतो हेच सुचत नाही.

यावर दोन नियम लागू पडतात. दुव्याचं वाक्य 'जो', 'ज्या', 'जिथे' किंवा 'जेव्हा'ने सुरू करायचं. आणि त्यात 'बस', 'बेस्ट', 'तिकीट' हे शब्द आणायचे नाहीत. मग झटापट करून असं काहीतरी निघतं : "ज्या सेवेवर कमी कमाईचे लोक जास्त अवलंबून असतात, ती सेवा तोटा सोसूनही स्वस्त ठेवावी." आता खरा वाद सुरू होऊ शकतो, कारण समोरच्याला धरायला जागा मिळाली : मग सवलतीचा पास फक्त त्यांनाच द्या, नरिमन पॉइंटला ऑफिसात जाणाऱ्याला कशाला? आपल्या न्यायशास्त्राच्या, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्राच्या, पंचावयवात (युक्तिवादाचे पाच भाग : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन) हेच काम उदाहरणाकडे आहे : जिथे धूर तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघरात. नुसता 'डोंगरावर धूर आहे' म्हणून भागत नाही.

आधार गोळा करायला दोन दिवस देते. प्रत्येक गटाने एका थांब्यावर १५ मिनिटं उभं राहून किती जण बसमध्ये चढले, किती शेअर टॅक्सीकडे वळले ते रेघा मारून मोजायचं. हमखास चूक : सगळे गट शाळा सुटल्यावरच मोजतात, आणि निम्मे प्रवासी शाळेचीच मुलं निघतात. मी आधी सावध करत नाही. आकडे फळ्यावर आल्यावर कुणाच्यातरी लक्षात येतं, आणि 'मुंबईतले सगळे प्रवासी'च्या जागी 'दुपारी आम्ही पाहिलेल्यांपैकी बहुतेक' असं लिहिलं जातं. सगळे, बहुतेक, काही : या तीन शब्दांवर अर्धा तास गेला तरी चालेल.

दुसरी चूक २०१९ची. "भाडं कमी केलं आणि प्रवासी वाढले, म्हणजे भाड्यामुळेच वाढले." प्रवासी वाढले हे खरं. पण त्याच सुमारास भाडेतत्त्वावरच्या छोट्या एसी बसही रस्त्यावर येऊ लागल्या होत्या. कावळा बसला आणि फांदी मोडली. भाड्याचा परिणाम झालाच नाही असं मात्र यावरून ठरत नाही. मुलं उत्साहात तिथपर्यंत उडी मारतात, तिथेही 'कशावरून' विचारायचं.

बोलणं चौथ्या तासाला. बाजू चिठ्ठ्या टाकून, आणि मध्यावर उलटवून. खोडून काढण्याआधी समोरच्याचं म्हणणं २० सेकंदांत आपल्या शब्दांत सांगायचं, आणि त्याने "हो, असंच म्हणालो" म्हटल्याशिवाय पुढे जायचं नाही. हा पूर्वपक्ष. सुरुवातीला मुलं तो मुद्दाम बावळट करून मांडतात; तीनदा नकार मिळाला की वेळ संपते, आणि मग ऐकायला लागतात. वाद, जल्प, वितंडा हा भेद याच तासाला सांगते. खरं काय ते शोधण्यासाठी वाद, जिंकण्यासाठी जल्प, आणि स्वतःचं काहीच न मांडता दुसऱ्याचं फक्त मोडायचं ती वितंडा. तिसरा शब्द पोरांना भारी आवडतो.

हेत्वाभासांची, म्हणजे कारणासारख्या दिसणाऱ्या पण फसव्या कारणांची, यादी मात्र शेवटी, तीही दोन-तीनच. लवकर दिली की ती शिवीसारखी वापरली जाते : "ए, हेत्वाभास!" आणि विषय संपला. नाव घेणाऱ्याने चूक नेमक्या कुठल्या वाक्यात आहे ते बोट ठेवून दाखवायचं, नाहीतर गुण नाहीत.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. पहिल्याच आठवड्यात पालकांना चिठ्ठी जाते, कारण घरी 'कशावरून' आणि 'म्हणून काय' ही दोन्ही उलट उत्तरं समजली जातात. ती तशी समजली जाणारच. जेवणाच्या ताटावर आईला 'म्हणून काय' विचारलं तर दुसरं काय होणार?

गुण दहा : दावा १, आधार ३, दुवा ३, पूर्वपक्ष नीट मांडून उत्तर ३. उच्चार आणि हावभाव, शून्य. हे शून्य पहिल्या दिवशीच फळ्यावर मोठं काढून ठेवते, तरी चौथ्या तासाला कुणीतरी चारोळी घेऊन येतंच.